वॉशरूमच्या नावाने

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहिला की त्याचा पुन्हा तोच अर्थ होतो. आमच्या ऑफिसात तेच झालं.

मी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये काम करते. आमच्या टीमकडे माणसांचा डेटा असतो. कोण कधी आत आलं, जागेवरून किती वेळ उठलं, कोणाची रजा वाढते आहे, कोण नोकरी सोडायच्या बेतात आहे. मशीन आधी सांगतं, मग आम्ही त्याचे रंगीत तक्ते करून वर पाठवतो. घरी आई कोणी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणते. मी दुरुस्त करत नाही. नीट सांगायला गेलं तर ते काम चहाडीसारखं ऐकू येतं.

आमची कंपनी आरोग्यविम्याचे दावे तपासते. चौथ्या मजल्यावर ते काम चालतं. हॉस्पिटलची बिलं, डॉक्टरांचे कागद, एकेक ओळ वाचून बरोबर की चूक ते ठरवायचं. तिथे बहुतेक बायका आहेत. लालबाग, काळाचौकी, शिवडी इथून चालत किंवा बसने येणाऱ्या. त्या कंपनीच्या नोकर नाहीत, एका एजन्सीच्या आहेत. करार दर वर्षी नवा होतो, किंवा होत नाही.

दिवाळीनंतर चौथ्या मजल्यावरची बायकांची वॉशरूम बंद झाली. वरून पाणी गळत होतं. दुरुस्ती इमारतवाल्यांनी करायची की कंपनीने, यावर मेलामेली सुरू झाली आणि दाराला पिवळी पट्टी लागली. पुरुषांची चालू होती. बायकांना सांगितलं, सहाव्या मजल्यावर जा. सहाव्यावर आम्ही बसतो. तिथे बायकांसाठी दोनच संडास आहेत. मग रांग लागायला लागली. कार्ड दाखवून चौथ्यावरून बाहेर, लिफ्टची वाट, कार्ड दाखवून सहाव्यावर आत, रांग, आणि मग हेच सगळं उलट. प्रत्येक वेळी कार्ड दाखवलं की मशीनमध्ये नोंद होते. जागेवर नसलेल्या वेळाला आमच्याकडे 'आयडल' म्हणतात. पोट धरून लिफ्टसमोर उभी असलेली बाई आमच्या हिशेबात रिकामी बसलेली असते.

त्या रांगेत मला ताई भेटल्या. ताई मी म्हणते, त्या मला 'बाय' म्हणायच्या. पंचेचाळिशीच्या असतील. लालबागला राहतात, गाव रत्नागिरीकडचं. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "तू इथलीच ना गो? मग पुढे हो. तुमचा मजला आहे."

मी म्हटलं, "नाही, तुम्ही व्हा."

"मराठी आहेस होय. चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. इंग्लिश मिडियम?"

"हो."

"तरीच. आवाज आत ओढता तुम्ही लोक. घशातच राहतो."

मागच्या दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मला लोकांसमोर तसं जमत नाही. दादरच्या ज्या शाळेत मी शिकले तिथे मराठी बोललं की दंड होता, आणि घरी इंग्रजी बोललं की काका टाळ्या वाजवायचे. त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय झाली. गप्प माणसाला बरंच काही ऐकू येतं. त्या रांगेत मला चौथ्या मजल्याचं सगळं कळायचं. कोणी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं होतं. एकीला त्यातून मूत्रमार्गाचा त्रास सुरू झाला होता. कोणाच्या सुपरवायझरने तिला भरल्या मजल्यावर विचारलं होतं की सारखं सारखं काय असतं.

फेब्रुवारीत आमचा वार्षिक सर्व्हे निघाला. रांगेत ताईंनीच विषय काढला. "तो फॉर्म तुम्हीच पाठवता ना? त्यात लिहिलं तर कोणी लिहिलं ते कळतं का?"

"नाव येत नाही," मी म्हटलं.

मला जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं. सर्व्हे घेणारी कंपनी बाहेरची आहे. प्रत्येकाला जाणाऱ्या लिंकमध्ये एक आकडा असतो, तो फक्त आठवण पाठवायला, नंतर नावाशी असलेली जोडणी पुसून टाकतात, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये एका पांढऱ्याशुभ्र स्लाइडवर लिहिलेलं होतं. या उत्तराची लाज वाटायची असेल तर ती मला वाटायला नको, हे मी बऱ्याच दिवसांनी ठरवलं.

सर्व्हेत शेवटी मोकळी जागा असते. 'तुमच्या मनातलं लिहा.' लोक हवं त्या भाषेत लिहितात, पण अक्षरं इंग्रजी, कारण फोनवर तेच हाताला बसलेलं. ते वाचायला एक मशीन आहे. ते मजकुराचं इंग्रजी करतं आणि ठरवतं की लिहिणारा खूश आहे, नाराज आहे की धोकादायक आहे. त्या मशीनला मराठी येत नाही. मराठी म्हणजे जरा बिघडलेलं हिंदी, असा त्याचा समज आहे. 'काम खूप आहे' असं कोणी इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ते 'काम'चं हिंदीतलं 'कम' करतं. मागच्या वर्षी आमच्या अहवालात चक्क आलं होतं की मराठी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना पुरेसं काम मिळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. कामाने पिचलेल्या माणसांना त्यावर आणखी काम दिलं गेलं. मी तेव्हा मेल केला होता. उत्तर आलं, 'नोंद घेतली, किरकोळ.'

या वर्षी एका सकाळी माझ्या मेलमध्ये लाल पट्टी आली. सुरक्षिततेला धोका. मशीनने केलेलं इंग्रजी मराठीत सांगायचं तर असं होतं: 'वॉशरूमच्या नावाने बॉम्ब मारून मारून थकलो. आता शिमगा येथे सर्वांनी मिळून एकदाच बॉम्ब मारू, मग वरच्या मजल्याला समजेल.'

मी मूळ ओळ उघडली. इंग्रजी अक्षरांत साधं मराठी होतं. 'वॉशरूमच्या नावाने बोंब मारून मारून थकलो. आता शिमग्याला सगळ्यांनी मिळून एकदाच बोंब मारू, मग वरच्या मजल्याला कळेल.' बोंब कशी लिहिणार? बी, ओ, एम, बी. दुसरं स्पेलिंगच नाही. बिचारीने बरोबर लिहिलं होतं.

मी खुर्चीत बसून हसले, एकटीच. त्यावर लगेच बोलावलेली मीटिंग दहा मिनिटांत संपेल असं वाटलं. 

मीटिंगला चौघं होतो. मी, आमचे सर, एचआरच्या मॅडम आणि सुरक्षाप्रमुख. सुरक्षाप्रमुख पूर्वी कुठल्याशा दलात होते, अजूनही खुर्चीत पाठ टेकत नाहीत. त्यांनी फोनवर नकाशा उघडलेला होता.

"ये शिमगा किधर पडता है? रायगड साइड?"

कोणी हसलं नाही. मी सरांकडे बघितलं. सर दादरचे. त्यांचं मूळ गाव गुहागरजवळ. दर वर्षी होळीला चार दिवस रजा टाकतात आणि ऑफिसच्या ग्रुपवर खांद्यावर पालखी घेऊन नाचतानाचे फोटो पाठवतात. त्याखाली सगळे लाइकचे अंगठे टाकतात, मीही टाकलेला आहे. मला वाटलं, आता सर सांगतील. सर स्क्रीनकडे बघत होते. तिथे ती एकच ओळ होती.

मग मी बोलले. मी इंग्रजीत बोलले, कारण त्या खोलीत तीच पद्धत. म्हटलं, याचा अर्थ बॉम्ब नाही. याचा अर्थ ओरडणं. तोंडावर हात मारून ओरडतात. होळीला तशी रीतच आहे. एखाद्याच्या नावाने बोंब मारणं म्हणजे त्याची तक्रार करत फिरणं.

माझं मलाच ऐकताना विचित्र वाटत होतं. इंग्रजीत ते एखाद्या टोळीच्या विधीसारखं वाटत होतं.

मॅडम म्हणाल्या, "पण ओरडायचं कशासाठी?"

"चौथ्या मजल्यावरची वॉशरूम बंद आहे."

"तो वेगळा मुद्दा आहे."

सुरक्षाप्रमुख म्हणाले, "मैडम, आप का बात ठीक होगा. लेकिन लिखा तो बम है ना. बम लिखा तो बम है."

सर म्हणाले, "प्रोसेसप्रमाणे जाऊ."

प्रोसेस अशी होती की धोका असेल तर बाहेरच्या कंपनीकडे नाव मागायचं. पुसून टाकलेलं नाव दुपारच्या जेवणाच्या आत आलं. सोबत कार्डाचा नंबर, पत्ता, घरी कोण कोण असतं, सगळं. मला नाव वाचायची गरज नव्हती. 'वरच्या मजल्याला कळेल' हे मी ताईंच्या आवाजात रांगेत ऐकलेलं होतं.

सर मला कॉफीच्या मशीनजवळ भेटले. तिथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मराठीत बोलले. मराठी बोलताना ते एकदम चांगले वाटतात, हा त्यांचा आणखी एक त्रास आहे.

"रागावलीस वाटतं."

"सर, तुम्हाला कळलं होतं."

"न कळायला काय झालं? अगं, लहानपणी तोंड सुजेपर्यंत बोंबा मारल्यात आम्ही. होळीभोवती. कोणाकोणाच्या नावाने मारायचो ते सांगितलं तर तू कान बंद करशील."

"मग बोलला का नाहीत?"

"लाल आलं की ते बंद करायची एक पद्धत असते. समज, मी म्हटलं गंमत आहे, सोडा. आणि उद्या काही झालं म्हणजे? माझ्या डोक्यावर येईल."

"काय होणार आहे, सर? बायका ओरडणार होत्या."

त्यांनी कपात साखर ढवळली. म्हणाले, "तेही नकोच आहे ना."

हे वाक्य ते अगदी सहज बोलले. मला वाटतं, बोलल्यावर त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्या राहिलं. तोपर्यंत मी समजत होते की मशीनची चूक आहे, मशीनला भाषा येत नाही. मशीनचं काय घेऊन बसलात. ज्याला भाषा येत होती, ज्याने तीच बोंब स्वतःच्या तोंडाने मारलेली होती, त्याला मशीनची चूक सोयीची होती. बायका एकत्र ओरडणार आहेत, एवढ्यासाठी नाव मागता आलं नसतं. बॉम्बसाठी आलं.

दोन दिवसांनी ताईंना काचेच्या खोलीत बोलावलं. मॅडम होत्या, एजन्सीचा सुपरवायझर होता आणि दुभाषी म्हणून मी. मॅडमनी मला आधी सांगितलं होतं, "तुझ्याशी ती मोकळेपणाने बोलेल, तू त्यांच्यातली वाटतेस." त्यांच्यातली म्हणजे कोणातली, ते त्यांनी सांगितलं नाही.

टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. ताईंनी तो उचलला, दूर धरला, परत ठेवला.

"काय म्हणणं आहे यांचं?"

मी म्हटलं, "तुम्ही सर्व्हेत धमकीची भाषा वापरली, त्याबद्दल माफी मागताय, असं आहे."

"धमकी कोणाला दिली? संडासाला?"

सुपरवायझर खाली बघून हसला. मॅडमनी विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, धमकी कोणाला दिली असं विचारतायत.

मग मी ताईंना त्या शब्दाचं सांगितलं. इंग्रजी अक्षरं, मशीन, लाल पट्टी. त्या ऐकत राहिल्या. 

"म्हणजे बोंबेचा बॉम्ब झाला," त्या म्हणाल्या. "बरं झालं गो, मी कँटीनमध्ये बोंबील ठेवा असं नाही लिहिलं. घरी पोलीस आले असते."

आणि मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "नाव येत नाही म्हणाली होतीस."

"मला तसंच सांगितलं होतं."

"बरं."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. दुकानदाराने सुट्टे नाहीत सांगितल्यावर आपण 'बरं' म्हणतो, तसं म्हणाल्या.

"सही केली तर?" त्यांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, विषय संपला.

"आणि नाही केली तर?"

मॅडमनी सुपरवायझरकडे बघितलं. तो पुढे वाकला. "मावशी, करून टाका ना. कशाला ताणता? एक सही तर आहे."

"मावशी कोणाची रे? मस्टरवर खाडा लावताना मॅडम म्हणतोस, आणि सही पाहिजे तर मावशी."

"तसं नाही ओ."

"तसंच आहे. हे बघ, मी खोटं नाही लिहिणार. मी ओरडणार होते, हे खरं आहे. तसं मराठीत लिहा, मी सही करते. कशासाठी ओरडणार होते तेही खाली लिहा. चार ओळींचं काम आहे."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी मान हलवली. या कागदात वॉशरूमचा उल्लेख येणार नाही, म्हणाल्या, कायदेशीर प्रश्न होतो.

मला त्या क्षणी जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बॉम्ब हा शब्द कागदावर चालत होता. संडास चालत नव्हता.

ताईंनी पेन उचललं, टोपण लावलं आणि मॅडमसमोर ठेवलं. "मला खाली जायचंय. आयडल पडतोय माझा."

त्यांचा करार मार्चअखेर संपत होता. सगळ्यांना ते माहीत होतं. पण सही केली नाही म्हणून काढलं, असं कागदावर दिसून चालणार नव्हतं. म्हणून पुढच्या आठवड्यात सरांचा मेल आला. 'त्यांचे मागच्या सहा महिन्यांचे आयडलचे आकडे काढ. फाइलसाठी.'

आकडे वाईट होते. असणारच. दिवाळीपर्यंत सरळ जाणारी रेघ नोव्हेंबरात वर उसळली होती. ती एकटीच पाठवली तर बघणाऱ्याला वाटेल, बाई कामचुकार झाली.

मी एकटीची पाठवली नाही. मी अख्ख्या चौथ्या मजल्याचे आकडे काढले. बायका एका रेघेत, पुरुष दुसऱ्या रेघेत. पुरुषांची रेघ सपाट. बायकांची, वॉशरूमला पट्टी लागली त्याच आठवड्यापासून वर. मी तिथे एक उभी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वॉशरूम बंद'. इतकं स्वच्छ चित्र मला त्या नोकरीत कधी मिळालं नव्हतं. मला वाटलं, आता कोणाला बोलायला जागाच नाही. आकड्यांवर या लोकांचा विश्वास आहे ना, मग घ्या आकडे.

मीटिंगमध्ये मी ते दाखवलं. माझे कान तापले होते आणि मी हातातल्या पेनशी बोलत असल्यासारखी बोलत होते, पण सगळं बोलले. व्हिडिओवर दिल्लीहून एक वरिष्ठ होते. ते पुढे झुकले.

"इंटरेस्टिंग. यात जेंडरचा अँगल आहे."

सर म्हणाले, "छान काम. हे डेकमध्ये घे."

दुसऱ्या दिवशी डेकचा, म्हणजे वरिष्ठांना दाखवायच्या स्लाइडांचा, पक्का मसुदा आला. माझाच तक्ता, पण वर मोठ्या अक्षरांत शीर्षक होतं: 'चौथ्या मजल्यावरील महिला कर्मचाऱ्यांच्या उत्पादकतेत घट'. उभी रेघ काढून टाकलेली होती. तिच्याखालचे दोन शब्दही. मी विचारलं तेव्हा स्लाइड बनवणाऱ्या मुलाने सांगितलं, गिचमिड होत होती. शेवटच्या पानावर शिफारशी होत्या. एजन्सीला नवीन भरती करताना मजल्यावर स्त्री-पुरुष 'संतुलन' राखायला सांगावे. पुरुष वाढवा, याचं ते सभ्य भाषांतर. आणि मर्यादेपलीकडे आयडल असलेल्यांचे करार नवे करू नयेत. मर्यादेपलीकडे कोण, त्याची यादी जोडली होती. पहिलं नाव ताईंचं.

मी एका बाईला वाचवायला चित्र काढलं होतं. त्यांनी ते पंचवीस-तीस बायकांच्या विरुद्ध वापरलं. आणि कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळे आकडे खरे होते. मला जो राग आला तो या खरेपणाचा आला. शिवी दिली तर उलट शिवी देता येते. स्लाइडला काय देणार?

डेकच्या मीटिंगला आठ-नऊ जण होते. मॅडम होत्या, सुरक्षाप्रमुख होते, दिल्लीचे वरिष्ठ पडद्यावर. सर ती स्लाइड वाचून दाखवत होते. मी मध्येच बोलले. मराठीत बोलले. ठरवून नाही, इंग्रजी आलंच नाही.

"सर, इथे वॉशरूम बंद झाल्याची रेघ होती. ती परत लावा."

त्या खोलीत कोणी मराठीत बोलत नाही. सगळ्यांच्या माना वळल्या. सर इंग्रजीत म्हणाले, "हे आपण नंतर बोलू."

"नंतर नको. आणि शिमगा कुठे आहे ते यांना सांगा. ते नकाशात शोधत होते. तुम्ही दर वर्षी जाता तिथे."

सुरक्षाप्रमुखांनी सरांकडे बघितलं. मराठी त्यांना कळत नसेल, पण शिमगा हा शब्द त्यांनी दोन आठवडे जवळ बाळगला होता. "आप को मालूम था, सर?" त्यांनी विचारलं. अगदी सरळ विचारलं. त्या माणसाबद्दल मला त्या एका प्रश्नापुरता आदर वाटला.

सरांच्या मानेवर लाली चढली. त्यांनी लॅपटॉप मिटला. "पाच मिनिटं ब्रेक घेऊ," म्हणाले. ब्रेकनंतर मला आत बोलावलं नाही. रेघ लागली नाही. ताईंचा करार मार्चअखेर संपला आणि नवा झाला नाही. कारण, आयडल. धोक्याची फाइल बंद झाली, शेरा होता 'भाषिक गैरसमज'. म्हणजे बॉम्ब नव्हता, हे त्यांनी लेखी मान्य केलं. त्या बॉम्बमुळे उघडलेलं नाव मात्र उघडंच राहिलं.

मला सर्व्हेच्या कामावरून काढलं. आता मी रजांचे तक्ते करते. सर माझ्याशी इंग्रजीतच बोलतात, कॉफीच्या मशीनजवळसुद्धा.

ताई मला एप्रिलमध्ये लालबागला भेटल्या, मसाल्याच्या दुकानांत. आईने मिरची आणायला पाठवलं होतं आणि सोबत इतक्या सूचना की मी त्या फोनमध्ये लिहून घेतल्या होत्या. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, देठं काढलेली नकोत. मी फोन बघून सांगत होते आणि दुकानदाराला ऐकूच जात नव्हतं. मागून आवाज आला, "अरे भावा, तिला संकेश्वरी दे म्हणतेय ती. जास्त लाल दिसते ती ब्याडगी देऊन फसवू नको."

मी वळले. ताईंच्या हातात भाजलेल्या मिरच्यांची पिशवी होती. डंखावर, त्या मसाला कांडायच्या यंत्रावर, कुटायला नंबर लावला होता.

"काय गो. आहेस अजून तिथेच?"

"आहे."

"उघडलं का?"

"नाही."

"मग त्या पोरी जातात कुठे?"

"सहाव्यावरच."

"आणि आयडल?"

"मोजतायत."

त्यांनी एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण चांगली होती, मालवणी वळणाची आणि लांब. दुकानदारानेही मान डोलावली.

मग आम्ही बाजूला उभ्या राहिलो. एजन्सीने त्यांना ऐरोलीला दुसरी जागा देऊ केली होती. अट एकच, स्वतःहून काम सोडलं असं लिहून द्यायचं. त्यांनी दिलं नव्हतं. त्यांच्या इमारतीत कामगार संघटनेचा एक जुना कार्यकर्ता राहतो, त्याच्या सांगण्यावरून त्यांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज केला होता.

"तो विचारतो, तुमचं नाव फोडलं याला साक्ष कोण? तो बॉम्ब कसा झाला ते कोण सांगणार? मी म्हटलं, एक पोरगी आहे."

मी फोन पिशवीत ठेवला.

"येशील का?"

गल्लीत डंखांचा आवाज चालू होता, त्यामुळे गप्प बसायला निमित्त होतं. ताईंनी थांबून वाट बघितली. मग म्हणाल्या, "हे बघ बाय, नाही म्हणालीस तरी मला राग नाही. तुझी नोकरी आहे. पण नाही तर नाही बोल. बघते म्हणू नको. बघते म्हणणारी माणसं मी लय बघितली."

"येईन," मी म्हटलं.

"काय?"

"येईन म्हटलं."

"नोकरी जाईल."

"माहीत नाही. जाईलही."

"आई काय म्हणेल?"

"ओरडेल."

"ओरडू दे. तिचा हक्क आहे." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "सोमवारी तारीख कळेल. मी फोन करते. कामावर असशील तर बाहेर येऊन उचल, तिथे नको बोलू. त्या लोकांचं काही सांगता येत नाही."

डंखवाल्याने त्यांच्या नंबराला हाक मारली. एक बाई मध्येच घुसत होती, तिच्याशी भांडत ताई पुढे गेल्या. मी माझी मिरची घेतली. दुकानदाराने विचारलं, "हळकुंड? खडा मसाला?" मी फोन काढून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. या वेळी तो म्हणाला, हां, आता ऐकू येतंय.